बाबासाहेबांची कायदेमंडळातली भाषणं, खंड २: टॅक्सच्या कामात असाल तर घ्याच

पहिले रेटिंग सांगून टाकते, ५ पैकी साडेचार. अर्धा स्टार काऊन कापला ते खाली लिहिलंय, पण ज्यांना फक्त घ्यायचं की नाही एवढंच पाहिजे त्यांनी घेऊन टाका, आणि जीएसटी, रिटर्न, ऑडिट अशा कुठल्याही कामात असाल तर नक्कीच घ्या.

पुस्तक म्हणजे महाराष्ट्र शासनाच्या शिक्षण विभागाने काढलेल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या लेखन आणि भाषणांच्या मालिकेतला दुसरा खंड, १९८२ ला आलेला, संपादक वसंत मून, भाषा इंग्रजी. आत तीन भाग आहेत. पहिल्यात मुंबई कायदेमंडळातली भाषणं, दुसऱ्यात सायमन कमिशनचं सगळं काम आणि तिसऱ्यात गोलमेज परिषदा, काळ १९२७ ते १९३९. बहुतेक लोक हा खंड गोलमेजसाठी घेतात, त्यात चूक काहीच नाही, पण मी इथे फक्त पहिल्या भागाबद्दल लिहिणार आहे कारण मी घेतला तो त्याच्यासाठी, आणि आपल्या नागपुरात बाबासाहेबांवर रोज कुठे ना कुठे कार्यक्रम होतो पण ते आमदार म्हणून बजेटवर काय बोलले हे कोणी सांगताना मला तरी फारसं ऐकू आलं नाही.

मी धरमपेठेत एका कर सल्लागारांच्या ऑफिसमध्ये काम करते. जुलै आला की आमच्याकडे रात्री उशिरापर्यंत लाइट चालू असतात, लोक येतात, फॉर्म सोळा देतात, विचारतात ताई किती भरायचा आणि कधीपर्यंत. हा टॅक्स माझ्यावर का आणि शेजारच्यावर का नाही असं विचारणारा माणूस क्वचित येतो. मी पण हा प्रश्न कामाच्या बाहेरचाच समजत होते, कलम बघायचं, लिमिट बघायची, आकडा टाकायचा. या पुस्तकातलं पहिलंच भाषण नेमक्या त्या प्रश्नावर आहे.

तारीख २४ फेब्रुवारी १९२७, विषय मुंबई प्रांताचं बजेट. गव्हर्नरांनी नेमलेले नवे सभासद, वय पस्तीस, त्याच महिन्यात सभागृहात आलेले. एक गोष्ट ध्यानात ठेवा, ब्रिटिश हिंदुस्थानातल्या प्रांतांच्या अर्थव्यवस्थेवरचा त्यांचा प्रबंध १९२५ ला पुस्तक म्हणून छापून आलेला होता, म्हणजे प्रांताचं बजेट हा त्यांचा अभ्यासाचाच विषय, त्यामुळे तिथे उभे राहून ते सरकारला नुसते बोल लावत नाहीत. आधी ते विचारतात की चांगली करपद्धती कशाला म्हणायची. उत्पन्न थोडं येवो की जास्त, ते भरवशाचं पाहिजे, हे एक. आणि ज्यांच्याकडून घेता त्यांच्यात न्याय पाहिजे, हे दुसरं. मग या दोन कसोट्यांवर ते सरकारच्या कमाईच्या बाबी एकेक करून तपासतात.

आणि मग येतो तो शेतसारा आणि प्राप्तिकर यांचा मुकाबला, ज्याच्यासाठी मी या पुस्तकाचे पैसे वसूल झाले म्हणते. मुद्दा एकदम साधा आहे हो. प्राप्तिकर कोणावर लागतो, तर ज्याची कमाई झाली त्याच्यावर, वर्षभरात काही कमावलंच नाही तर कोणी मागायला येत नाही. शेतसारा मात्र प्रत्येक शेतकऱ्यावर, उत्पन्न कितीही असो, पीक आलं तरी आणि बुडालं तरी. प्राप्तिकर ऐपत बघून घेतला जातो पण साऱ्याच्या हिशोबात एक एकरवाला आणि जहागीरदार इनामदार दोघांची ऐपत सारखीच धरलेली. हे ते सगळं अर्ध्याएक पानात मांडतात, आवाज न चढवता, आणि वाचणाऱ्याला वाटतं की अरे हे तर डोळ्यासमोरच होतं, मग सरकारला एवढी वर्षं दिसलं कसं नाही.

आता ज्यांचं गाव आहे त्यांना हे वेगळं समजावून सांगायची गरज नाही. आमची शेती काटोलकडे, थोडा संत्रा, बाकी कपाशी आणि तूर. माझ्या आजोबांच्या तोंडी आणेवारी हा शब्द सारखा असायचा, आता पैसेवारी म्हणतात, म्हणजे नेहमीच्या पिकाच्या मानाने रुपयात किती पैसे पीक आलं तो आकडा. ५० पैशांच्या आत आली की जमीन महसुलात सूट, वीजबिलात सवलत, पोरांची परीक्षा फी माफ, म्हणून सगळं गाव त्या आकड्याकडे डोळे लावून बसतं. मी लहानपणापासून हे ऐकत आले पण पीक बुडालं तर कर कसा घ्यायचा या प्रश्नाची मुळं किती जुनी आहेत आणि त्याच्यावर कायदेमंडळात एवढं स्वच्छ बोलून झालंय हे मला या भाषणाने सांगितलं.

कोणी म्हणेल की ताई आता शेतसारा राहिला किती, शेतीचं उत्पन्न तर प्राप्तिकरातून मोकळं आहे, नोकरदाराला पण नवीन पद्धतीत १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर करात रिबेट मिळते, मग हे जुनं भाषण कशाला. बरोबर आहे, पण कसोटी तीच लावून बघा न. बाबा खताची बॅग आणतात त्यावर ५ टक्के जीएसटी, रासायनिक कीटकनाशकावर १८ टक्के, आणि कापूस बुडाला म्हणून त्यातला एक रुपया परत येत नाही. दुकानदाराला इनपुट क्रेडिट मिळतं, म्हणजे खरेदीवर भरलेला जीएसटी पुढे भरायच्या करातून वजा होतो, शेतकऱ्याला मिळत नाही कारण त्याच्या मालावर पुढे कर लावून तो वळता करायची सोयच नाही. म्हणजे कमाई झाली का हे न बघता घेतलेला कर आजही आहे, फक्त तलाठ्याच्या पावतीऐवजी कृषी केंद्राच्या बिलावर छापून येतो. हे माझं मत आहे, पुस्तकात अर्थातच जीएसटी नाही, पण ऐपत किती आणि कर किती हे दोन आकडे शेजारी ठेवून बघायची सवय हे भाषण लावतं आणि मला वाटतं टॅक्सच्या कोर्समध्ये पहिल्या दिवशी हेच वाचायला द्यायला पाहिजे.

दुसरं भाषण १२ मार्च १९२७ चं, शिक्षणाच्या अनुदानावर. यात आकडे जास्त आहेत आणि प्रत्येक आकडा टोचतो. सरकार शिक्षणावर माणशी १४ आणे खर्च करतं आणि अबकारीतून, म्हणजे मुख्यतः दारूवरच्या करातून, माणशी २ रुपयांच्या वर वसूल करतं. तेव्हाचा रुपया १६ आण्यांचा, म्हणजे शिक्षणावर माणशी पूर्ण रुपया पण नाही. त्यांची मागणी एवढीच की अबकारीतून लोकांकडून जेवढं घेता तेवढं तरी त्यांच्या शिक्षणावर घाला. पुढे ते सांगतात की शाळेत घातलेल्या १०० पोरांपैकी चौथीपर्यंत पोचतात फक्त १८, बाकीचे ८२ परत निरक्षर होतात. आणि या चालीने गेलं तर सगळे मुलगे शाळेत यायला ४० वर्षं लागतील, मुली यायला ३००. तीनशे! मी हे ऑफिसमधल्या पोरींना मोठ्याने वाचून दाखवलं, त्यातल्या दोघी आपल्या घरातल्या पहिल्याच ग्रॅज्युएट आहेत, सगळ्या एकदम गप्प झाल्या.

बजेट वाचायची ही रीत मला फार आवडली. जमेची बाजू आणि खर्चाची बाजू वेगवेगळी वाचायची नाही, कोणाकडून घेतलं आणि कोणाला दिलं हे एकाच ओळीत बघायचं. आपल्याकडे बजेटच्या दिवशी टीव्हीवर काय स्वस्त काय महाग एवढंच चालतं.

तारखा जरा बघा. २४ फेब्रुवारीला बजेट, १२ मार्चला शिक्षण अनुदान, आणि २० मार्चला महाडचं चवदार तळं. एका महिन्याच्या आत. तळ्याचं आपल्याला पाठ आहे आणि ते असायलाच पाहिजे, पण त्याच महिन्यात हाच माणूस प्रांताच्या जमाखर्चाचे तक्ते उलटसुलट करून सभागृहात बोलून राहिला होता, हे दोन्ही एकत्र ठेवलं तरच ते पूर्ण दिसतात असं मला मनापासून वाटतं.

आता कायदे करण्याच्या बाजूवर येते. यात माझं सगळ्यात आवडतं म्हणजे ऑक्टोबर १९२७ चं छोट्या जमीनधारकांच्या बिलावरचं. सरकारचं म्हणणं, जमिनीचे तुकडे फार झाले, एका मर्यादेखाली तुकडा होऊच द्यायचा नाही आणि छोटे तुकडे एकत्र करायचे. ऐकायला चांगलंच वाटतं. बाबासाहेब विरोध करतात, आणि विरोध कसा करतात ते बघण्यासारखं आहे. ते आधी विचारतात की शेत लहान आहे की मोठं हे ठरवायचं कशावरून, नुसत्या एकरांवरून कसं ठरेल, बैलजोडी, अवजारं, भांडवल, हात किती आहेत त्यावर ठरेल. मग तुकडा काढून घेतल्यावर तो माणूस जाणार कुठे, भूमिहीन मजूरच होणार न. आणि नुसतं नाही म्हणून बसत नाहीत, पर्याय देतात, मालकी ज्याची त्याच्याकडे ठेवून एकत्र कसायची सहकारी शेती, इटली फ्रान्समध्ये कुठे कुठे आहे त्याचे दाखले देऊन. पुढे १९४७ ला आपल्याकडे तुकडेबंदीचा कायदा आलाच, आणि एक गुंठा दोन गुंठ्यांच्या व्यवहारात लोक वर्षानुवर्षं अडकून पडले, तर ज्यांच्या घरी वाटणीचे कागद चालू आहेत त्यांनी हे भाषण जरूर वाचा.

जुलै १९२८ चं मातृत्व लाभाच्या बिलावरचं भाषण छोटं आहे पण अगदी पक्कं. बाळंतपणाच्या आधी आणि नंतर कामगार बाईला विश्रांती मिळणं हे देशाच्या हिताचं आहे, म्हणून खर्चाचा मोठा भार खरं तर सरकारने घ्यायला पाहिजे, पण मालकाला पूर्ण सोडता येणार नाही कारण बायका कामावर ठेवण्यात त्याचा फायदा आहे. पुढच्या वर्षी, १९२९ ला, मुंबई प्रांतात तो कायदा झाला. आता आज २६ आठवड्यांपर्यंत रजा आहे, २०१७ च्या दुरुस्तीने, पण ईएसआय विम्याबाहेरच्या नोकऱ्यांत पगार कोण देतो तर मालकच, आणि म्हणून छोट्या ऑफिसात लग्न झालेल्या मुलीला नोकरी देताना लोक मागेपुढे बघतात, हे मी माझ्या आजूबाजूला होताना बघितलंय. भार कोणी उचलायचा हा प्रश्न त्यांनी तेव्हाच बरोबर जागी ठेवला होता. मला हे वाचून राग पण आला, त्यांच्यावर नाही, आपण एवढ्या वर्षांत तो प्रश्न तिथेच ठेवला याच्यावर.

वतनाचं, म्हणजे पिढीजात गावकामाच्या हक्काचं बिल, तेही १९२८ चं, यावर मी अजून जास्त लिहू शकले असते. हे त्यांनी स्वतः मांडलेलं. महार वतनदाराकडून सरकार कामं करून घेतं आणि मोबदला म्हणून थोडी जमीन आणि गावाकडून बलुतं, जे मिळेल की नाही ते गावाच्या मर्जीवर. त्यांची सूचना अशी की बलुत्याच्या बदली रोख पट्टी ठरवा, ती साऱ्यासोबत वसूल करा आणि सरकारातून त्या माणसाला द्या. म्हणजे दाणे मागायला दारात उभं राहायची पाळीच नको. कराची एक ओळ बदलून माणसाचा रोजचा अपमान बंद करता येतो हे ज्याला दिसलं, त्याला कर म्हणजे काय हे खरंच कळलेलं आहे. ते बिल शेवटी कायदा झालंच नाही, आणि ते भाषण वाचताना त्यातली चीड कागदावरून पण लागते.

पुढची भाषणं १९३७ नंतरची, तेव्हा ते स्वतंत्र मजूर पक्षाचे निवडून आलेले नेते होते. मंत्र्यांचा पगार ५०० रुपये ठेवण्याचं बिल, कोकणातली खोती (सारा वसूल करणाऱ्या खोतांची जमीनदारी) बंद करण्याचं बिल, १९३८ चं औद्योगिक कलहाचं बिल ज्यात त्यांनी संप हा गुन्हा ठरवायला कडाडून विरोध केला. या शेवटच्यावर आधीच बरंच लिहिलं गेलंय म्हणून मी थांबत नाही. मंत्र्यांच्या पगारावरचं मात्र वाचा, त्यागाच्या नावाखाली पगार कमी ठेवल्याने कारभार शुद्ध राहतो का, लायक पण गरीब माणूस मंत्री होऊ शकेल का, असे प्रश्न ते विचारतात आणि टाळ्या मिळतील अशी सोपी बाजू घेत नाहीत.

वाचताना अजून एक गोष्ट आवडली. सभागृहात मध्येच कोणी अडवलं, अध्यक्षांनी विषयावर या म्हटलं, तर ते पण छापलंय. त्यामुळे कळतं की हे लिहून आणून वाचलेलं नाही, समोरच्याचा मुद्दा घेऊन तिथल्या तिथे उत्तर दिलेलं आहे. आपल्याकडे डिसेंबरमध्ये हिवाळी अधिवेशन असतं, सिव्हिल लाइन्सचे रस्ते बंद, मोर्चे, पोलीस, आपण ट्रॅफिकवर बोलतो आणि आत कुठल्या बिलावर कोण काय बोललं हे दुसऱ्या दिवशी शोधत पण नाही. हा खंड वाचल्यापासून मी पुरवणी मागण्यांच्या बातम्या नीट वाचायला लागले.

आता अर्धा स्टार. एक, टिपा पाहिजे होत्या. द्विदल राज्यपद्धती म्हणजे काय, कुठली खाती मंत्र्यांकडे आणि कुठली गव्हर्नरच्या हातात, हे माहीत नसेल तर १९२७ ची भाषणं अर्धी डोक्यावरून जातात, कारण सरकारला कुठे पकडायचं हे सगळं त्यावरच अवलंबून होतं. १९१९ च्या भारत सरकार कायद्याची थोडी माहिती आधी वाचून घ्या, फार नाही, दोनतीन पानं पुरतात. दोन, बाकीच्या सभासदांची भाषणं यात नाहीत, त्यामुळे सरकारी बाजूचं पूर्ण म्हणणं समजून घ्यायला आपल्यालाच अंदाज लावावा लागतो. तीन, इंग्रजी जुन्या वळणाचं आहे, वाक्यं लांब, पण अवघड नाही, कॉलेजच्या पोरांना सवय झाली की सरळ जातं. भाषणं बोललेली आहेत म्हणून मोठ्याने वाचली तर लवकर समजतात, हा माझा अनुभव.

संपादक वसंत मून आपल्या नागपूरचेच, सरकारी नोकरीत महसूल खात्यात अधिकारी होते, आणि सारा, वतन, इनाम या शब्दांमागचं रोजचं काम ज्याला माहीत आहे अशा माणसाने हे कागद जमवले याचा मला खूप अभिमान वाटतो. त्यांच्या हातून ही मालिका उभी राहिली नसती तर हे सगळं कुठल्यातरी जुन्या कामकाजाच्या बाडात पडून राहिलं असतं.

मिळतं कुठे ते सांगते. मी धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीवर लागतात त्या पुस्तकांच्या स्टॉलवरून घेतलं. त्या दिवसांत तिथे पाहिजे तो खंड मिळायची शक्यता सगळ्यात जास्त, पण गर्दीत चाळायला मिळत नाही म्हणून शेवटच्या दिवशी सकाळी जा. एरवी शहरातल्या दुकानात विचारलं तर सुटा दुसरा खंड नाही, संच घ्या असं उत्तर मिळू शकतं, मला एका ठिकाणी मिळालं. या खंडांची छपाई रखडल्याच्या बातमीवरून मुंबई उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये स्वतःहून दखल घेतली होती, यावरून मागणी किती आणि पुरवठा किती ते समजा. दिल्लीच्या डॉ. आंबेडकर प्रतिष्ठानने हे खंड पुन्हा छापले आहेत, ते पण चालतात, हिंदी अनुवाद सुद्धा त्यांनीच काढलाय, पण तिथे खंडांचे क्रमांक वेगळे आहेत तर घेताना नाव बघून घ्या, नंबर सांगून मागू नका. पैसे नसतील तर परराष्ट्र मंत्रालयाच्या वेबसाइटवर इंग्रजी पीडीएफ फुकट आहे, मोबाइलवर वाचायला अक्षर बारीक पडतं, लॅपटॉपवर बरं.

सुरुवात २४ फेब्रुवारी आणि १२ मार्चपासून करा, मग छोटे जमीनधारक, मग वतन. जे पोरं स्पर्धा परीक्षेसाठी सार्वजनिक वित्त वाचून राहिले आहेत त्यांनी कर देण्याची ऐपत हा टॉपिक गाइडमधून पाठ करायच्या आधी पहिलं भाषण वाचावं. आमच्या ऑफिसची प्रत सध्या आर्टिकलशिपच्या, म्हणजे सीएचं काम शिकणाऱ्या पोरांमध्ये फिरते आहे, आणि मी सहाव्या खंडाच्या शोधात आहे, त्यात त्यांचा तो प्रांतिक अर्थव्यवस्थेवरचा प्रबंध आहे. कोणाकडे विकायला असेल तर खाली लिहा.